मुलांकडून अ‍ॅनिमेशन फिल्मची गाणी बसवून घ्यायची तर गाण्याच्या आधी गळा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सहा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा, दोघं दिवसभर अ‍ॅनिमेशन फिल्मची गाणी लावून नाचतात, आता ओळखीची मुलं धरून चौदा-पंधरा जणांचा छोटासा कार्यक्रम बसवायचाय, वयं ४ ते ११. कोणती गाणी घ्यावीत? शिवाय मुलगी गाताना इतकी ओरडते की संध्याकाळपर्यंत आवाज बसतो, आणि मुलगा नाचतो पण तोंडच उघडत नाही, त्याचं काय करायचं?

मी वीसेक वर्षं लहान मुलांना गाणं आणि गाण्यावरची हालचाल शिकवतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कारण "ही दहा गाणी घ्या" एवढं सांगून तुमचा प्रश्न सुटणार नाही. तीच दहा गाणी एका ग्रुपमध्ये सुंदर होतात आणि दुसऱ्या ग्रुपमध्ये मुलांचे घसे फाडतात.

मुलीच्या ओरडण्यापासून सुरू करते. तिची यात काहीही चूक नाहीये. तुम्ही लिहिलंय की तिचं सगळ्यात आवडतं गाणं 'लेट इट गो' आहे, म्हणजे फ्रोझनमधलं, २०१३ चं. ते गायलंय इडिना मेन्झेलने, जी ब्रॉडवेच्या रंगमंचावर मुरलेली गायिका आहे, आणि गाणं त्या गळ्याच्या ताकदीचं आहे. पेटीवर वाजवून बघा म्हणजे लगेच कळेल, मूळ पट्टी (म्हणजे गाण्याचा 'सा') काळी चार, सगळ्यात खालचा सूर मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी चार आणि सगळ्यात वरचा तार म्हणजे वरच्या सप्तकातली काळी दोन (पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या डावीकडून वेगवेगळ्या मोजायच्या, दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक). म्हणजे जवळजवळ दोन सप्तकं झाली! आता चार-पाच वर्षांच्या मुलाचा आरामात लागणारा आवाज केवढा असतो, तर मध्य सप्तकातली पांढरी दोन ते पांढरी सहा, बस, पाच सुरांची जागा. सात-आठ वर्षांनंतर तो पांढरी एकपासून तार सप्तकातल्या पांढरी एक-दोनपर्यंत पसरतो. तुमची मुलगी या दोन्हीच्या मधे आहे. मग ती काय करते, सुरुवातीचा संथ भाग तिच्या गळ्याच्या खाली आहे म्हणून तो पुटपुटते, आणि मुखडा आला की तिचा आवाज जिथे संपतो तिथून पुढचं सगळं जोर लावून, मान पुढे काढून, ओरडून भरून काढते. मानेच्या शिरा दिसतात का बघा गाताना, हनुवटी वर जाते का बघा. तेवढं दिसलं की समजायचं, गाणं तिच्या मापाचं नाही.

लोकांना वाटतं लहान मुलांचा आवाज पातळ आणि उंच असतो म्हणजे त्यांना उंच गाणी सोपी जाणार. तसं नाहीये. त्यांचे स्वरतंतू आखूड असतात म्हणून बोलणं उंच ऐकू येतं, पण ते नाजूक असतात, मोठ्यांच्या स्वरतंतूंमध्ये जे मजबूत थर असतात ते मुलांमध्ये अजून तयार व्हायचे असतात आणि ती घडण वयात येईपर्यंत चालू असते. श्वासही छोटा. अशा गळ्याने मोठ्या बाईसारखा छातीतून भरलेला आवाज वरच्या सुरांवर न्यायचा म्हणजे दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटत राहतात. एखाद्या दिवशी झालं तर रात्रीच्या झोपेने भरून येतं, पण रोज झालं तर आवाज कायमचा घोगरा व्हायला लागतो, तंतूंवर गाठी येतात. तुमच्या मुलीचा आवाज सकाळी स्वच्छ असेल तर घाबरू नका, पण सकाळीसुद्धा खरखर असेल आणि ती तीन-चार आठवडे जात नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवाच. आणि आवाज बसल्यावर तिला "कुजबुजून बोल" असं सांगू नका, जोर लावून कुजबुजण्यानेही ताण येतो. हळू आवाजात साधं बोलू दे किंवा गप्प बसू दे.

मग लेट इट गो सोडायचं का? अजिबात नाही, ते काढून घेतलं तर तिचा आनंदच काढून घेतल्यासारखं होईल. पूर्ण गाण्याला कुठलीच एक पट्टी लहान मुलाला बसत नाही, वर नेली तर मुखडा फाटतो, खाली आणली तर सुरुवातीचा भाग ऐकूच येत नाही, म्हणून गाण्याचे तुकडे करायचे. मुखडा तेवढा सगळ्यांनी गायचा आणि तो काळी चारवरून पांढरी चारवर आणायचा, म्हणजे तीन स्वर खाली (मधल्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजून तीन), त्याने सगळ्यात वरचा सूर तार पांढरी एकवर येतो. तोही तुमच्या मुलीला जड जात असेल तर त्या एका जागी मोठ्या मुलींनी गायचं आणि लहानांनी फक्त हात पसरायचे, बघणाऱ्याला काहीही कमी वाटत नाही. सुरुवातीची कडवी मुलांनी अभिनय करत नुसती बोलायची नाहीतर तुम्ही स्वतः गायची. कराओके ट्रॅक घेतलात तर बहुतेक अ‍ॅपमध्ये पट्टी खाली-वर करायचं बटण असतं, उणे तीन करा. यूट्यूबवर स्पीड ०.७५ केला तर फक्त लय कमी होते, पट्टी तीच राहते, तेव्हा शब्द शिकवायला ते वापरा पण गळ्यासाठी त्याचा उपयोग नाही, यात बऱ्याच जणांची गल्लत होते.

आता गाणी निवडायची कशी. माझा एक साधा नियम आहे, आधी बघायचं की मूळ फिल्ममध्ये ते गाणं कोणी गायलंय. लहान मुलाने गायलेलं असेल तर अर्धं काम झालं, कारण चालच तशा गळ्यावर बेतलेली असते. याच फ्रोझनमध्ये 'डू यू वॉन्ट टू बिल्ड अ स्नोमॅन' आहे बघा, सगळे लेट इट गोच्या मागे धावतात आणि हे गाणं बाजूला राहतं, पण मला विचाराल तर मुलांकडून करून घ्यायला त्या फिल्ममधलं सगळ्यात चांगलं गाणं हेच. त्यात अ‍ॅना या धाकट्या राजकन्येचा आवाज तीन वयांत येतो, पाच वर्षांची, नऊ वर्षांची आणि पंधरा वर्षांची, आणि तिन्ही आवाज वेगवेगळे आहेत, सगळ्यात छोटीचा आवाज केटी लोपेझचा, मधलीचा अगाथा ली मन हिचा आणि मोठीचा क्रिस्टन बेलचा. केटी म्हणजे ज्या नवरा-बायकोने ही गाणी लिहिली, क्रिस्टन अँडरसन-लोपेझ आणि रॉबर्ट लोपेझ, त्यांचीच मुलगी. तुमच्या ग्रुपमध्ये ४ ते ११ वयाची मुलं आहेत ना, मग हे गाणं तुमच्यासाठीच आहे असं समजा! पहिला भाग छोट्यांनी, दुसरा सात-आठ-नऊवाल्यांनी, तिसरा मोठ्यांनी, आणि अ‍ॅना बहिणीच्या बंद दारावर करते ती टकटक सगळ्यांनी मिळून. ती टकटक नुसती तोंडाने नका घेऊ, लाकडी खोक्यावर किंवा जमिनीवर बोटांच्या पेरांनी वाजवायला लावा, एकाला एक जुळेपर्यंत. मी एका ग्रुपमध्ये पहिले दोन दिवस फक्त टकटकच बसवली होती आणि तिसऱ्या दिवशी गाणं सुरू केलं तर मुलं सुराला आणि लयीला आपोआप एकत्र आली, कारण एकमेकांचं ऐकायची सवय टकटकीनेच लावली होती. एकच काळजी घ्या, गाण्याच्या मध्यावर आईवडील समुद्रात जातात तो भाग आहे आणि काही मुलं तिथे खरंच गलबलतात, त्यांना आधी गोष्ट माहीत असू दे, आणि ज्याला नको वाटतंय त्याला शेवटच्या भागात उभं करू नका.

लहान मुलाने गायलेलं आणखी एक गाणं म्हणजे पोन्यो नावाच्या जपानी फिल्मचं (२००८) शीर्षकगीत, ते नोझोमी ओहाशी या मुलीने आठ वर्षांची असताना गायलंय, चाल अगदी पाळण्यातल्यासारखी सोपी आणि पुन्हा पुन्हा तीच येते. शब्द जपानी आहेत म्हणून बिचकू नका, मुलं परक्या भाषेतले शब्द आपल्यापेक्षा पटकन उचलतात. कोकोमधल्या (२०१७) मिगेल या छोट्या नायकाचा आवाज अँथनी गोन्झालेझ या मुलाचाच आहे. लायन किंगमध्ये (१९९४) लहान सिंबाची गाणी जेसन वीव्हर या मुलाने गायली आहेत, तो मात्र वयाने जरा मोठा होता आणि गाणी पळणारी आहेत, तेव्हा ती नऊच्या वरच्यांना द्या. 'हाकुना मटाटा'मध्ये तर सिंबा गाण्यातच मोठा होतो आणि आवाज बदलतो, ती जागा मुलांना फार आवडते, छोट्याने गाता गाता मागे जायचं आणि मोठ्याने पुढे येऊन उचलायचं, एवढीच स्टेप पुरते.

अगदी चार-पाच वर्षांच्यांसाठी मी नेहमी चालण्याची गाणी घेते. माय नेबर टोटोरोचं (१९८८) सुरुवातीचं गाणं, 'सानपो', याचा अर्थच फेरफटका, संगीत जो हिसाइशी यांचं. लय सरळ, पावलाला पाऊल, त्यात लहान मूल चुकूच शकत नाही. स्नो व्हाइटमधलं (१९३७) बुटक्यांचं घरी जायचं गाणं पण तसंच, एकामागे एक रांगेत चालायचं, वळायचं, थांबायचं. मोठ्यांना हे फारच साधं वाटतं आणि ते म्हणतात "अहो पण स्टेप कुठे आहेत?" अहो चार वर्षांच्या बारा मुलांना रांगेत, एकमेकांत अंतर ठेवून, लयीत चालवणं आणि वळवणं हीच स्टेप आहे, ते जमलं तर बघणारे डोळे हटवत नाहीत.

आता नाचाकडे येते. मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते. चार-पाच वर्षांच्या मुलाला "तुला पाहिजे तशा टाळ्या वाजव" म्हटलं तर तो आपल्यापेक्षा बऱ्याच भरभर वाजवतो, ती त्याची नैसर्गिक चाल. म्हणून संथ गाण्यावर ठेका धरणं त्यांना अवघड जातं, ते पुढे पळतात आणि आपण म्हणतो ताल सुटला. पण जलद म्हणजे किती, यालाही हद्द आहे. ट्रोल्समधलं (२०१६) जस्टिन टिंबरलेकचं 'कान्ट स्टॉप द फीलिंग' मिनिटाला ११३ मात्रांचं आहे, प्रत्येक मात्रेला एक पाऊल किंवा एक टाळी, सहा वर्षांच्या मुलाला मस्त जमतं. डेस्पिकेबल मी २ मधलं (२०१३) फॅरेल विल्यम्सचं 'हॅपी' सुमारे १६० वर जातं, त्यात प्रत्येक मात्रेला उडी घातली की अर्ध्या मिनिटात मुलं धापा टाकतात, ओळ मोडते आणि कोणीतरी कोणावर तरी आदळतं. तिथे अर्धी लय पकडायची, दोन मात्रांना एक हालचाल, म्हणजे ८०, आणि टाळ्या मात्र पूर्ण लयीत ठेवायच्या. पाय निम्म्यात आणि हात पूर्ण, हे आठ-नऊ वर्षांच्यांना जमतं, त्याहून लहानांना दोन गटांत वाटून द्या, एक गट पाय, एक गट टाळ्या.

स्टेप बसवताना शरीराचं वय बघा. एका पायावर लंगडी उडी साधारण चौथ्या वर्षी यायला लागते, पाय बदलत उड्या मारत पुढे जाणं पाच-सहाला, आणि उजवा हात डाव्या गुडघ्याला लावायचा अशा तिरप्या हालचाली लयीत नीट व्हायला आणखी वेळ लागतो. पडद्यावर बघून मुलं जे करतात ते आणि त्यांच्या अंगाला खरंच जमतं ते यात फरक असतो, व्हिडिओसमोर नाचणारं मूल बहुतेक वेळा अर्धी मात्रा मागे असतं कारण ते आधी बघतं आणि मग करतं. म्हणून दोन-तीन दिवसांनी स्क्रीन बंद करायची. तुम्ही समोर उभ्या राहून शिकवणार असाल तर आरशासारखं करा, मुलांना उजवा हात सांगायचा तेव्हा तुम्ही डावा उचलायचा. पहिल्या दिवशी तुमचाच गोंधळ होतो, पण मुलांचा होत नाही, आणि महत्त्वाचं तेच आहे. टाइल्सवर मोजे घालून नाचू देऊ नका, घसरतात, अनवाणी बरं.

आणि ट्रॅकचा आवाज! याबद्दल मला फार तळमळीने सांगायचंय. मुलं ओरडून गातात त्याचं अर्धं कारण स्पीकर असतो. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, मोठ्यांचंही तेच होतं, मुलांचं जास्त. ट्रॅक दणदणीत लावला, त्यात मूळ गायिकेचा आवाज चालू, मग मूल गात नाही, तिच्या वर ओरडायचा प्रयत्न करतं, आणि स्वतःचा सूर त्याला ऐकूच येत नाही. स्वतःचा सूर ऐकू आला नाही तर तो दुरुस्त कसा करणार? तेव्हा आधी ट्रॅक बंद. तुम्ही स्वतः एक ओळ गा, साधी, हळू, मुलांनी परत म्हणायची. आवाज गोड असायची गरज नाही, सूर बरा असला की झालं. मुलांना दुसऱ्या मुलाचा किंवा बाईचा सूर पकडायला सोपं जातं, पुरुषाचा आवाज सप्तकभर खाली असतो त्यामुळे काही मुलं गोंधळतात आणि खाली जाऊन गुरगुरायला लागतात, वडील शिकवत असतील तर त्यांनी पेटीवर सूर देऊन मुलांना सांगावं किंवा थोडं वरच्या पातळ आवाजात गावं. सूर जुळले की मग ट्रॅक, तोही शब्दांशिवायचा, आणि इतका हळू की खोलीत मुलांचा आवाज ट्रॅकच्या वर ऐकू आला पाहिजे.

तुमच्या मुलीसारखी एक मुलगी माझ्याकडे होती, तीही सहाचीच. तिला हळू गा म्हटलं की ती गायचंच थांबवायची, कारण तिच्या लेखी गाणं म्हणजे जोरात. मी तिला गाणं बाजूला ठेवायला लावलं आणि विचारलं, घुबड कसं ओरडतं? ती म्हणाली "ऊऽऽ". मी म्हटलं, ते लांब झाडावर आहे, आणि खोलीत बाळ झोपलंय, ते उठता कामा नये. तिने ओठ गोल केले, खांदे खाली आले, आणि इतका हलका, स्वच्छ, वरचा सूर निघाला की ती स्वतःच थबकली आणि माझ्याकडे बघायला लागली. यालाच आम्ही डोक्यातला आवाज म्हणतो, वरच्या सुरांसाठी निसर्गाने दिलेला, फक्त तिने तो कधी वापरलाच नव्हता कारण ती मोठ्या बायकांच्या छातीच्या आवाजाची नक्कल करत होती. मग त्याच "ऊ"वर मुखड्याची चाल म्हणायची, आठवडाभर शब्द नाहीतच, आणि मग "ऊ"च्याच जागी शब्द ठेवायचे. तुम्ही हे घरी रोज पाच मिनिटं करा, खालून वर आणि वरून खाली सायरनसारखं, खेळ म्हणून. रागावून "ओरडू नकोस" म्हणण्यापेक्षा याचा शंभर पट उपयोग होतो. आवाज सुरुवातीला अगदी बारीक येईल, लोक म्हणतील पोरीचा आवाज गेला की काय, तिकडे लक्ष देऊ नका, जोर मागाहून येतो.

गाणं आणि नाच एकाच वेळी पूर्ण ताकदीने मागू नका. मी सुरुवातीच्या वर्षांत ही चूक केली आहे, पाच ते सात वर्षांच्या वीस मुलांकडून एक मोठं गाणं उड्या मारत बसवलं, तालमीत छान व्हायचं कारण मोठ्या ट्रॅकखाली मला त्यांचा आवाज ऐकूच येत नव्हता, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ट्रॅक मधेच बंद पडला तेव्हा कळलं की एकही मूल गात नव्हतं, सगळी फक्त तोंड हलवत होती. श्वास उडीत संपला की गाण्याला उरणार कुठून. तेव्हापासून मी नेहमी वाटणी करते, मुखड्याला सगळे उभे राहून गातात आणि फक्त हात हलवतात, मधल्या वाद्यांच्या जागेत नाचायचं मनसोक्त, आणि कडव्याला एक गट गातो, दुसरा नाचतो, पुढच्या कडव्याला उलट. ज्यांना श्वास लागलाय त्यांना ओळीच्या शेवटी कुठे श्वास घ्यायचा ते ठरवून द्या, मी कागदावर ओळीच्या शेवटी छोटं फुगा-चित्र काढते, वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

कोकोमधल्या 'रिमेंबर मी'चा एक वेगळा उपयोग सांगते. तेच गाणं फिल्ममध्ये एकदा झगमगाटी स्टेजवर दणक्यात येतं आणि एकदा बाप आपल्या छोट्या मुलीला म्हणतो त्या अंगाईसारखं येतं. चाल तीच, लय आणि वजन वेगळं. मुलांना दोन्ही ऐकवा आणि विचारा, काय बदललं? मग एका गटाने दणक्यात नाचत आणि दुसऱ्याने बसून, जवळजवळ कुजबुजत्या सुरात करून बघायचं. सात वर्षांच्या मुलांनासुद्धा भाव म्हणजे काय हे यातून जितकं कळतं तितकं माझ्या बोलण्याने कधी कळलं नाही. आणि ओरडणाऱ्या मुलीला अंगाईवाला भाग द्या, मुद्दाम.

दहा-अकराच्या मुलांना एन्कान्टोमधलं (२०२१) 'वी डोन्ट टॉक अबाउट ब्रूनो' द्या, ते लिन-मॅन्युएल मिरांडाने लिहिलेलं, २०२२ मध्ये बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पाच आठवडे पहिल्या नंबरवर होतं. त्यातलं सौंदर्य असं की प्रत्येक पात्राचा तुकडा वेगळ्या स्वभावाचा आहे, एक ठसक्यात, एक भरभर कुजबुजत, एक लांब सुरात, आणि शेवटी ते तुकडे एकावर एक चढतात. आधी प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाठ झाला पाहिजे, झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजे, मगच दोन जोडायचे, मग तीन. घाई केलीत तर नुसता कल्ला. मला वाटतं मोठ्या मुलांना एकत्र गाण्याची खरी चव लावणारं गेल्या काही वर्षांतलं हेच गाणं.

२०२५ च्या केपॉप डीमन हंटर्समधलं 'गोल्डन' पण सगळ्यांना हवंच असतं, माझ्याकडे प्रत्येक वर्गात मागणी आहे. नाचायला जरूर घ्या. गायला मूळ पट्टीत घेऊ नका, ते तार सप्तकातल्या पांढरी सहापर्यंत जातं, कसलेल्या गायिकांनाही तिथे घाम फुटतो. खाली आणून, वरच्या जागा सोडून, मधला भाग गाता येतो.

ग्रुपमध्ये अकराचा एखादा मुलगा असेल आणि आवाज फुटायला लागला असेल तर त्याला खालच्या आवाजाची गाणी द्या, जंगल बुकमधलं (१९६७) बल्लू अस्वलाचं 'बेअर नेसेसिटीज', मोआनामधलं (२०१६) माउईचं 'यू आर वेलकम', ज्यात बरंचसं बोलल्यासारखंच आहे. त्याला लहान मुलींच्या पट्टीत गायला लावू नका, तो गप्प होतो आणि मग पुन्हा कधी गात नाही. टॉय स्टोरीतलं (१९९५) रँडी न्यूमनचं मैत्रीचं गाणं पण छान, त्याचे सूर फार वर-खाली पळत नाहीत, फक्त मूळ पट्टी पुरुषाची आहे, मुलांसाठी वर घ्यावी लागेल.

शब्दांचं एवढंच, परकी भाषा असेल तर आधी चालीशिवाय, टाळी देत, हळू म्हणायचे आणि अर्थ सांगायचा. हाकुना मटाटा म्हणजे स्वाहिलीत "काही अडचण नाही", लायन किंगच्या सुरुवातीची ती आरोळी झुलू भाषेत आहे आणि त्यात सिंह येतोय असं म्हटलंय. हे कळलं की मूल तोंड वेगळं करून गातं. डब केलेलं गाणं आपल्या भाषेत मिळत असेल तर लहानांना तेच द्या, पात्राच्या ओठांशी जुळवायचं म्हणून त्यात अक्षरंही मूळ चालीत बसवलेली असतात, त्यामुळे म्हणायला अडत नाही.

आता तुमचा मुलगा. नऊ वर्षांचा, नाचतो, गात नाही. त्याला सगळ्यांसमोर "तू पण म्हण ना" असं एकदाही म्हणू नका. कुणीतरी कधीतरी त्याला "तुझा सूर लागत नाही" असं म्हटलेलं असू शकतं, मुलं ते विसरत नाहीत. त्याला टकटकीचा म्होरक्या करा. लय त्याच्याकडे आहे हे त्याच्या नाचातून दिसतंच आहे, सगळ्यांना सुरुवात तो देणार, "एक दोन तीन चार" त्याने मोठ्याने मोजायचे. मोजता मोजता आवाज बाहेर येतो. मग एखाद्या दिवशी ते मोजणं गाण्याच्या पहिल्या सुरावर करायला सांगा, सहज, जणू सगळेच करतात. माझ्याकडे असे बरेच मुलगे आले, कुणाला दोन आठवडे लागले, एकाला चार महिने लागले आणि तो पहिल्यांदा गायला तेव्हा खोलीत कोणाच्या लक्षातही आलं नाही, मी मात्र पेटीवरून मान वर केली नाही, तशीच वाजवत राहिले.